दोघंही नकोत, मग मत कुणाला?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचा सूर एकच निघाला: दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार पटत नाहीत, आता करायचं काय? मी मिशिगनमध्ये मतदान केंद्रावर ‘इलेक्शन इन्स्पेक्टर’ म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. नाव भारदस्त असलं तरी काम म्हणजे यादीत नाव शोधायचं, मतपत्रिका हातात द्यायची आणि उमेदवारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तीच शिस्त इथेही पाळणार आहे. ‘कुणाला मत देऊ?’ असं सरळ विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत, राग नसावा.

प्रश्न: ताई, नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतर २०२४चं माझं पहिलंच मतदान. दोघांपैकी एकही मनाला पटेना, म्हणून राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना कोरा ठेवला आणि बाकीची पत्रिका भरली. आमचे हे म्हणतात, अख्खी पत्रिकाच बाद झाली असणार. खरं का? आणि माझी नाराजी कुठे नोंदली गेली का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर: यजमानांना सांगा, पत्रिका बाद झालेली नाही. एका पदासाठी काहीच खूण नसेल तर यंत्र तेवढं पद सोडून देतं आणि बाकीची मतं मोजतं. उलट एकाच पदासाठी दोन गोल काळे केले, तर फक्त त्या पदाचं मत जातं. तेही केंद्रावर यंत्र पत्रिका परत बाहेर ढकलतं, तेव्हा नवीन पत्रिका मागून घेता येते. लोक ओशाळतात, पण त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

आता मीच तुम्हाला विचारते. पत्रिकेच्या सुरुवातीला ‘स्ट्रेट पार्टी’चा रकाना असतो. त्यात एका पक्षासमोरचा गोल तुम्ही काळा केला होता का? मिशिगनमध्ये २०१८च्या सार्वमतानंतर ही सोय परत आली. तो एक गोल भरला की ज्या ज्या पक्षीय पदासमोर तुम्ही वेगळी खूण केलेली नाही, तिथे त्या पक्षाच्या उमेदवाराला मत जातं. राष्ट्राध्यक्षपदासमोरही. म्हणजे वर पक्षाचा गोल भरला असेल आणि खाली राष्ट्राध्यक्षपदाची जागा रिकामी सोडली असेल, तर तुम्ही ज्याला टाळलंत असं तुम्हाला वाटतं, त्यालाच मत देऊन आला आहात. यंत्र काही कुरकुर करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर असतं. पुढच्या वेळी खरोखर कोरं ठेवायचं असेल, तर पक्षाच्या गोलाला हात लावू नका आणि एकेका पदासमोर स्वतंत्र खूण करा. टेक्सस आणि पेनसिल्व्हेनिया यांनी ही सोय काढून टाकली, त्यामुळे तिथल्या वाचकांना हा घोळ नाही.

नाराजी नोंदली गेली का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. २०१६मध्ये मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदासाठी मोजण्याजोगं मत नव्हतं. ट्रम्प आणि क्लिंटन यांच्यातला इथला फरक होता १०,७०४ मतांचा. निकालानंतर त्या ७५ हजारांवर खूप चर्चा झाली. कुणी म्हणालं हा निषेध आहे, कुणी म्हणालं यंत्रांनी खुणा वाचल्या नाहीत, कुणी म्हणालं लोक विसरले. तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात. कोऱ्या जागेला कारण विचारता येत नाही, आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचं कारण लावून घेतलं.

तरीही घरी बसण्यापेक्षा तुम्ही केलंत ते कितीतरी बरं. तुम्ही कुणाला मत दिलं हे गुप्त असतं. पण मतदानाला आलात की नाही, याची नोंद सार्वजनिक असते आणि दोन्ही पक्ष त्या याद्या मन लावून वाचतात. जे येतात त्यांच्या दारावर थाप पडते, त्यांना पत्रं येतात, त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज घेण्यावर पैसा खर्च होतो. जे येत नाहीत त्यांच्याकडे फिरकायला फारसं कुणी तयार नसतं. शिवाय राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, शाळेचं बोर्ड, काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) कमिशनर, घरपट्टीचा दर म्हणजे ‘मिलेज’ हे सगळं त्याच पत्रिकेवर असतं. वरच्या दोन नावांवर चिडून घरी बसलेला माणूस हे सगळं शेजाऱ्याच्या हवाली करतो.

प्रश्न: मावशी, मी कॉलेजात आहे. २०२४मध्ये मी तिसऱ्या पक्षाला मत दिलं आणि बाबांना सांगितलं. ते म्हणतात, ‘तुझ्यासारख्यांमुळेच निकाल असा लागला.’ जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की आई उठून जाते. बाबांचं बरोबर आहे का?
— पेनसिल्व्हेनिया

उत्तर: २०२४पुरतं बाबांचं गणित चुकतंय. पेनसिल्व्हेनियात ट्रम्प आणि हॅरिस यांच्यात सुमारे १ लाख २० हजार मतांचा फरक होता. ग्रीन आणि लिबर्टेरियन पक्षांची मतं मिळून ७० हजारांच्याही आत. ही सगळीच्या सगळी हॅरिस यांना मिळाली असती, तरी निकाल बदलला नसता. एवढं त्यांना दाखव, आईला परत बसायला सांग.

पण बाबांची भीती हवेतून आलेली नाही. त्यांच्या पिढीने फ्लोरिडा पाहिलं आहे. २००० साली तिथे बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. मजा अशी की दोष एकट्या नेडर यांच्या माथी बसला, पण त्या दिवशी फ्लोरिडाच्या पत्रिकेवरच्या प्रत्येक छोट्या पक्षाला ५३७हून जास्त मतं पडली होती. ज्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही अशा सोशालिस्ट वर्कर्स पक्षालासुद्धा. २०१६मध्ये तुझ्याच राज्यात फरक ४४ हजारांचा होता. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना जवळजवळ ५० हजार मिळाली, आणि लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांना दीड लाखाच्या आसपास.

इथे लोक एक घाई करतात. तिसऱ्याची मतं काढून घ्यायची आणि आपल्या उमेदवाराच्या खात्यात टाकायची. तिसरा नसता तर ते सगळे आपल्याकडे आले असते, हे कुणी सांगितलं? १९९२मध्ये रॉस पेरो यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली. इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राज्यवार मिळणाऱ्या ज्या मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो तिथे, हाती आलं शून्य. थोरल्या बुश यांना पेरोंनी पाडलं, असं आजही ऐकू येतं. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत पेरोंचे मतदार दुसऱ्या पसंतीला बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळपास सारखे विभागले गेले होते, आणि काहींनी तर मतदानच केलं नसतं. जॉन्सन यांचे दीड लाख कुठे गेले असते, हे मलाही सांगता येणार नाही आणि तुझ्या बाबांनाही.

तुझ्या मताचा उपयोग काय, तेही मोजून बघ. राष्ट्रीय पातळीवर ५ टक्के मतं मिळाली, तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळू शकतो. पेरोंच्या रिफॉर्म पक्षाने १९९६मध्ये ८ टक्क्यांवर मतं मिळवली आणि २०००मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर त्यांच्या वाट्याला आले. पैसे आले आणि भांडणं लागली. त्यांच्या उमेदवाराला अर्धा टक्काही मत मिळालं नाही. नेडर यांनाही २०००मध्ये ते ५ टक्के गाठायचे होते, ते पावणेतीनच्या आसपास थांबले. एखादं राज्य जिंकणारा शेवटचा तिसरा उमेदवार म्हणजे १९६८चे जॉर्ज वॉलेस. त्यांना ४६ इलेक्टोरल मतं मिळाली. त्यांनी वांशिक विलगीकरणाचा केलेला पुरस्कार पाहता त्या यशाचा अभिमान बाळगावा असं मला तरी वाटत नाही.

काही जण म्हणतात, तिसऱ्याने चार राज्यं घेतली की कुणालाच बहुमताची २७० इलेक्टोरल मतं मिळणार नाहीत आणि मग कुणीतरी चांगला माणूस निवडला जाईल. असं होत नाही. बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड हाउसकडे, म्हणजे इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे जाते, तीही पहिल्या तिघांतूनच आणि प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगलाही एक. १८२४मध्ये हे घडलं आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारे अँड्र्यू जॅक्सन घरी राहिले.

खरा उपाय तुला हवा असेल तर मेन आणि अलास्काकडे बघ. तिथे उमेदवारांना पसंतीक्रम देता येतो. तुझा पहिला उमेदवार मागे पडला की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. राष्ट्राध्यक्षपदासाठी मेनने हे २०२०पासून सुरू केलं, अलास्काने २०२४पासून. अलास्कात २०२४मध्येच ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि काही शे मतांनी फसला. पेनसिल्व्हेनियात हे आणायचं तर राज्याच्या विधिमंडळात आणावं लागेल. त्या निवडणुकीत तुझ्या मतदारसंघात कोण उभं होतं, आठवतं का?

प्रश्न: पत्रिकेवर न छापलेलं नाव लिहायच्या मोकळ्या ओळीवर मी आमच्या मेव्हण्याचं नाव लिहिलं. सज्जन माणूस आहे. मोजलं असेल का?
— ओक्लाहोमा

उत्तर: ओक्लाहोमात मोकळी ओळ नसतेच, म्हणजे तुम्ही ते नाव पत्रिकेच्या मोकळ्या समासात लिहिलं असणार. हवाई आणि नेवाडामध्येही ही सोय नाही. हवाईची बंदी १९९२मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली. जिथे ओळ असते, तिथेही बहुतेक राज्यांत उमेदवाराने आधी कागदपत्रं दाखल केलेली असतील तरच नाव मोजतात. मेव्हण्यांना विचारलं होतंत का?

प्रश्न: आमच्याकडे ‘नोटा’ आहे. एवढ्या मोठ्या लोकशाहीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय का नसावा?
— नागपूर

उत्तर: एका राज्यात आहे, आणि तुमच्याकडच्यापेक्षा कितीतरी जुना. नेवाडाने १९७५मध्ये कायदा केला. राष्ट्राध्यक्षपद आणि राज्यभरातून निवडायची पदं यांच्या यादीत शेवटी ‘यांपैकी कोणीही नाही’ असं छापलेलं असतं. तो पर्याय पहिला आला तरी जिंकत नाही, माणसांमध्ये जो पुढे असेल तो विजयी. २०१४मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ‘कोणीही नाही’ पहिला आला होता. उमेदवारी अर्थातच दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळाली. अशा जनादेशावर पुढे प्रचार कसा करायचा, ते त्यालाच ठाऊक.

तरी आकडा छापून येतो, आणि तो बोलतो. २०१६मध्ये नेवाडात क्लिंटन २७ हजारांवर मतांनी पुढे होत्या आणि ‘कोणीही नाही’ला जवळपास २९ हजार मिळाली. म्हणजे निकालातल्या फरकापेक्षा वैतागलेली माणसं जास्त. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचं नावच नव्हतं, ते वेगळ्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या सभांमधून होणाऱ्या निवडीत होते. निकी हेली यांना ३० टक्के मतं पडली आणि ‘कोणीही नाही’ला ६३. ही नाराजी होती की ट्रम्प यांच्या मतदारांनी वापरलेली वाट, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी दुसरं म्हणेन.

आमच्या मिशिगनमध्ये प्रायमरीच्या पत्रिकेवर ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कुणालाच बांधील नाही’, असं छापलेलं असतं. २००८मध्ये ओबामांनी इथून नाव मागे घेतलं होतं, तेव्हा डेमोक्रॅटिक बाजूला ४० टक्के लोकांनी तेच निवडलं. २०२४मध्ये गाझाच्या युद्धावरून बायडन यांच्यावर नाराज असलेल्या एक लाखाहून जास्त लोकांनी ते निवडलं, आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या बातम्यांत मिशिगन होतं. कोऱ्या रकान्यांचं कौतुक तेवढं कधी झालेलं मी पाहिलं नाही.

प्रश्न: तेहतीस कोटींच्या देशात हीच दोन माणसं सापडतात? यांना निवडतं तरी कोण?
— न्यू जर्सी

उत्तर: तुमच्या पत्रातला संताप प्रामाणिक आहे आणि तो बऱ्याच जणांचा आहे. २०१६च्या मतदानाच्या दिवशी पाहणीत १८ टक्के मतदारांनी दोघांबद्दलही वाईट मत असल्याचं सांगितलं होतं. २०२४च्या उन्हाळ्यात, बायडन अजून रिंगणात असताना, प्यू रिसर्चच्या पाहणीत हे प्रमाण चौथ्या हिश्शावर गेलं. जुलैत बायडन बाजूला झाले, ते काही या लोकांच्या मतपत्रिकेमुळे नव्हे.

निवडतं कोण, तर प्रायमरीला जाणारे. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये साडेतेरा कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं. त्या वर्षी दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून सहा कोटींच्याही आत होते. ट्रम्प यांना रिपब्लिकन उमेदवारी मिळाली ती सुमारे एक कोटी चाळीस लाख मतांवर. रिंगणात सुरुवातीला सतरा जण होते. साउथ कॅरोलायनात त्यांना ३३ टक्क्यांच्याही आत मतं मिळाली आणि राज्यातले पन्नासच्या पन्नास डेलिगेट्स, म्हणजे उमेदवार ठरवणारे पक्षप्रतिनिधी, त्यांच्याकडे गेले, कारण नियमच तसा होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांनी एकाही राज्यात निम्म्याहून जास्त मतं मिळवली नव्हती. म्हणजे विरोधकांची मतं जास्त होती, पण ती अनेकांत वाटली गेली. हिलरी क्लिंटन यांना प्रायमरीत एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास मतं मिळाली. या दोन आकड्यांची बेरीज करा. नोव्हेंबरमध्ये मिळणारा पर्याय तेवढ्या माणसांनी ठरवलेला होता.

आणि तुमच्या राज्याची प्रायमरी जूनमध्ये! २०१६मध्ये न्यू जर्सीचं मतदान ७ जूनला होतं. ट्रम्प यांचं मे महिन्यातच ठरलं होतं, आणि क्लिंटन यांचं ठरल्याची बातमी ६ तारखेच्या संध्याकाळी आली. २०२४मध्ये दोन्ही बाजूंचा निकाल १२ मार्चलाच लागला होता. म्हणून राष्ट्राध्यक्षपदापुरती तुमची प्रायमरी बहुतेक वेळा उरलेल्या पंगतीसारखी असते, हे मान्य करूनच पुढे बोलू.

एवढ्यावरून तिला जाणं सोडू नका. काँग्रेस (म्हणजे इथली संसद), काउंटी, विधिमंडळ यांचे उमेदवार त्याच दिवशी ठरतात, आणि उद्याचे राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक तिथूनच वर येतात. न्यू जर्सीत पक्षाच्या स्थानिक नेत्यांना हव्या त्या उमेदवारांची नावं पत्रिकेवर एका ओळीत छापायची जुनी चाल होती, इतरांची नावं कुठेतरी कोपऱ्यात. अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती चाल थांबवली. ते आज तुमचे सिनेटर आहेत. नाराजी नेमकी कुठे लावायची हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेले नसाल, तर न्यू जर्सीत केंद्रावरच पक्ष निवडून प्रायमरीत मत देता येतं. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये असं चालत नाही. २०१६मध्ये तिथे पक्ष बदलण्याची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपली होती. ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांची ती हुकली, आणि वडिलांच्या प्रायमरीत दोघांनाही मत देता आलं नाही. मिशिगनकरांनो, आपल्याकडे पक्षनोंदणी नाही, पण राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत तुम्ही कुठल्या पक्षाची पत्रिका मागितली याची नोंद राहते आणि ती सार्वजनिक असते. सासरे विचारतील तर आधीच उत्तर तयार ठेवा.

प्रश्न: आमच्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. मग माझ्या मताने काय फरक पडतो? आणि स्विंग स्टेटमधल्या, म्हणजे निकाल कुठेही झुकू शकेल अशा राज्यातल्या मैत्रिणीशी ‘तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी’ अशी मतांची अदलाबदल केली तर गुन्हा होतो का?
— कॅलिफोर्निया

उत्तर: पैसे किंवा वस्तू मध्ये न येता दोघींनी आपापल्या खुशीने असं ठरवलं, तर तुमच्या भागातल्या नवव्या सर्किट कोर्टाने (काही राज्यांच्या गटासाठीचं संघराज्याचं अपील न्यायालय) २००७मध्ये त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं आहे. २०००मध्ये नेडर यांच्या समर्थकांसाठी अशा अदलाबदलीची संकेतस्थळं निघाली होती, त्यावरूनच तो खटला झाला. मैत्रीण तुमच्या सर्किटबाहेर राहत असेल, तर तिच्या राज्याचा कायदा आधी बघा. आणि मैत्रीण शब्द पाळेलच याची हमी कुठलंच कोर्ट देत नाही, मतदान गुप्त असतं.

निकाल ठरलेला आहे म्हणता, तर तिसऱ्या पक्षाला मत देण्याची मोकळीक खरं तर तुम्हालाच जास्त आहे, पेनसिल्व्हेनियातल्या त्या मुलीपेक्षा. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक सोय आहे. एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो, आणि मतं एकत्र मोजली जात असली तरी कुठल्या ओळीवर किती पडली ते वेगळं जाहीर होतं. १९३६मध्ये ज्यांना रूझवेल्ट हवे होते पण डेमोक्रॅटिक पक्षाचे तिथले पुढारी नको होते, त्यांच्यासाठी अमेरिकन लेबर पार्टी निघाली ती याच सोयीवर. कॅलिफोर्नियात असं काही नाही. तुम्ही पक्षाविना नोंदलेल्या असाल, तर राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीसाठी पक्षाची पत्रिका मागून घ्यावी लागते. मागितली नाहीत, तर घरी आलेल्या पत्रिकेवर ते पदच छापलेलं नसतं. २०२८ची पत्रिका यायच्या आधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून येणारं पोस्टकार्ड रद्दीत टाकू नका.